रोपे पाठवू का?
दवनीवाडा भागातल्या शाळांच्या परसबागा, पन्नी आणि तलाव यांविषयी



पाऊस जवळ आला की आपल्या मंडळ्यांकडून एक विचारणा हमखास येते: दवनीवाड्याकडच्या शाळांसाठी शंभर रोपे पाठवू का? कुणी कचराकुंड्या देऊ म्हणतात. एखादा तरुण संघ एका शनिवारी येऊन गावात स्वच्छता मोहीम करायची तयारी दाखवतो. या विचारण्यामागचे प्रेम आम्ही जाणतो आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतो. तरीही बहुतेक वेळा माझे उत्तर "जरा थांबा" असे असते, आणि ते ऐकून समोरची माणसे थोडी हिरमुसतात. फोनवर कारण नीट सांगता येत नाही, म्हणून या अंकात जागा मागून घेतली.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातले गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड समाजाची दाट वस्ती देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूला. इकडे वस्ती मिसळ आहे. एकाच बाकावर गोंडाचे, पोवाराचे, ढिवराचे लेकरू बसते. घरी कुणी झाडीबोली बोलते, कुणी पोवारी, कुणी हिंदी. पाऊस भरपूर, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यानंतर जे पाणी तलावात, बोडीत आणि विहिरीत उरेल त्यावर पुढचे आठ महिने काढायचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. रोपांचे उत्तर याच आठ महिन्यांत दडलेले आहे.

जुलैमध्ये लावलेले रोप दिवाळीपर्यंत छान दिसते. फोटो काढावा तर तेव्हाच. मग धान कापून होते, बांध्या मोकळ्या होतात आणि गुरे-शेळ्या मोकाट सुटतात. रोपाला काटेरी कुंपण नसेल तर पहिला घास तेव्हाच पडतो. त्यातूनही जे वाचते त्याची खरी परीक्षा मार्चनंतर. एका रोपाला उन्हाळ्यात एका वेळी दहा लिटर पाणी आणि तेही आठवड्यातून दोनदा, असा साधा हिशेब धरा. शंभर रोपांना एका फेरीला हजार लिटर झाले. शाळेत हातपंप असतो. पण मेच्या सुरुवातीला शाळा बंद होते आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यातच उघडतात. म्हणजे ज्या पन्नास दिवसांत रोपाला पाणी हवे, नेमके त्याच पन्नास दिवसांत आवारात कुणी नसते. पुढच्या जुलैला त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. काही शाळांच्या आवारात एकाच खड्ड्याने चार पावसाळ्यांत चार रोपे पाहिली आहेत.

म्हणून आम्ही शंभरऐवजी दहाच रोपे मागतो, आणि प्रत्येक रोपासोबत एक घर ठरवून घेतो. शाळेला लागून राहणाऱ्या घरातली आजी बहुधा या कामाला सर्वांत भरवशाची असते. तिला त्या झाडाची फळे मिळतील, हे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच बोलून ठेवायचे. मुनगा, पपई, कढीपत्ता, लिंबू, पेरू अशी झाडे त्यासाठीच निवडायची. सावलीच्या मोठ्या झाडांसाठी मडके पुरतो. कुंभाराकडचे साधे, न रंगवलेले मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, भरायचे, वर झाकणी ठेवायची. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि थेट मुळांपाशी जाते. वरून ओतलेल्या पाण्यासारखे उन्हात उडून जात नाही. तीन-चार दिवसांनी एकदा भरले तरी चालते. भोवती तणसाचा जाड थर टाकला की माती आणखी उशिरा वाळते. तणस इथे प्रत्येक घरी असते, त्याला पैसे लागत नाहीत.

शाळेतल्या खऱ्या शिक्षणाची जागा मात्र झाडांपेक्षा भाजीचे वाफे ही आहे, असे माझे मत होत चालले आहे. सरकारी कागदावर तिला परसबाग म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसे सांदवाडी म्हणतात. शालेय पोषण आहाराच्या जोडीने शाळांनी पोषण बाग करावी यासाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रातही शाळांच्या परसबागांना प्रोत्साहन मिळते आहे. कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हाताच्या कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकवावी हाच तिचा गाभा होता. सेवाग्रामला २००५ साली पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा आजही शेतीला शिकण्याचे साधन मानते. ज्यांना नागपूर-वर्ध्याकडे जाणे होते त्यांनी ती जरूर पाहावी.

परसबागेचा पहिला प्रश्नही पाण्याचाच, पण त्याचे उत्तर शाळेत रोज सांडत असते. शंभर मुले जेवणाआधी हात धुतात, जेवणानंतर ताट धुतात. मुलामागे दोनच लिटर धरले तरी दिवसाला दोनशे लिटर पाणी नालीत जाते, तिथे साचते आणि डास होतात. भाजीच्या वाफ्याला एका चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी पुरते. म्हणजे चाळीस ते पन्नास चौरस मीटर जागा, सहा मीटर रुंद आणि सात-आठ मीटर लांब, केवळ हात धुण्याच्या पाण्यावर उभी राहते. हा हिशेब सहावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा; नालीचा उतार कुठल्या बाजूला द्यायचा हेही तीच सांगतात. पाणी आधी गिट्टी आणि वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्यावे, म्हणजे भाताची शिते वर अडकतात. त्या खड्ड्याच्या काठाला केळी आणि अळू. राखेने ताटे घासली तर बरेच. साबण असेल तर थोडा.

शाळा उघडल्या उघडल्या भेंडी, चवळी, दोडका, भोपळा, अंबाडी टोकायची. दिवाळीनंतर वांगी, टमाटर, पालक, मेथी, मुळा. मार्चमध्ये बाग आवरायची, बी धरायचे आणि वाफे तणसाने झाकून सुट्टीवर जायचे. मे महिन्यात हिरवी बाग राखायचा हट्ट कुणी धरू नये. इथला शेतकरीही उन्हाळ्यात बांधी मोकळी ठेवतो.

बी धरणे हा वर्षातला सर्वांत मोठा धडा. बाजारातून आणलेल्या संकरित बियांच्या पाकिटातून पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही. घरच्या वाणातून येते. म्हणून मुलांना सांगायचे, आजीकडून मूठभर वाल आणा, भोपळ्याच्या बिया आणा, अंबाडीचे बोंड आणा. दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवायच्या, चार दिवसांनी मोजायच्या. सात फुटल्या तर शेकडा सत्तर. शेकडेवारी म्हणजे काय हे मला एवढ्या थोड्या वेळात दुसऱ्या कुठल्याही रीतीने समजावता आलेले नाही. उरलेले बी सुकवून, राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळून गाडग्यात ठेवायचे. आपल्या वाचकांना राहीबाई पोपेरे ठाऊक असतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या महादेव कोळी समाजातल्या भगिनी शाळेत गेल्या नाहीत. घरच्या वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. त्यांचे छायाचित्र वर्गात लावले तर गोंडाच्या मुलीला ते आपल्याच आजीसारखे वाटते. हे मी पाहिले आहे.

इथे एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. निसर्गाविषयी आपण आदिवासी मुलांना शिकवायला जातो, हा समज घेऊन कुणी येऊ नये. पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी केव्हा खुडायची, काटवल कुठल्या काट्यात मिळते, सात्या कुठल्या वारुळाजवळ उगवतात, वास्ते किती उंचीचे असेपर्यंत कोवळे असतात, हे दहा वर्षांच्या मुलाला येते आणि शहरातून आलेल्या मास्तरला येत नाही. नवे फळ, नवे धान विधी झाल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही गोंडांची जुनी चाल आहे. तिचा अर्थ पुष्कळ जण धर्मापुरता लावतात. फळ पक्के होऊन बी तयार होईपर्यंत झाडाला कुणी हात लावत नाही, हा तिचा परिणाम मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला समजेल. अलीकडे ९ ऑगस्टच्या सुमारास, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने, कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. शाळेने त्या आठवड्यात मुलांनाच शिक्षक करावे आणि शिक्षकांनी वही घेऊन बसावे. आपल्या मिशनच्या इतिहासातही याला आधार आहे. १८४५ साली नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप गोंडांकडून त्यांची गीते आणि शब्द लिहून घेत, आणि फावल्या वेळात दगडांतले जीवाश्म गोळा करीत. विदर्भाच्या भूगर्भशास्त्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते.

बागेला खत हवे. विदर्भातल्या माणसाला त्यासाठी दूर बघायला नको. नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे पुसदचे नाडेप काका, यांनी बसवलेली पद्धत देशभर त्यांच्याच नावाने चालते. विटांचा जाळीदार हौद, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर माती, असे थर रचत जायचे आणि वरून मातीशेणाने लिंपून टाकायचे. विटांमधल्या भोकांतून हवा जाते, म्हणून माल सडत नाही, कुजतो. तीन ते चार महिन्यांत खत तयार. पद्धतीचे मोल यात आहे की सुमारे शंभर किलो शेणात दोन-तीन टन खत होते. ज्या घरी एकच गाय आहे त्यालाही हे जमते. शाळेला एवढा मोठा हौद लागत नाही. बांबूच्या तट्ट्याचा कमरेएवढा गोल करून त्यातच थर घालतो. हात घातला की आत ऊब लागते. त्या उबेचे कारण मुलांना सांगितले की डोळ्यांना न दिसणारे जीवाणू हा पाठ पुस्तकातून सुटून त्यांच्या तळहातावर येतो.

पाच हजारांना भोजन दिल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. हा उतारा आपण चमत्कारासाठी वाचतो आणि टोपल्यांपाशी थांबत नाही. ज्याच्या हाताने भाकरी वाढत होती त्यालाही उरलेल्या तुकड्यांची काळजी होती. रविवारच्या शाळेत खताचा तट्टा दाखवून हा पाठ एकदा घेऊन पाहा.

बागेतली भाजी किती निघते? खरे सांगायचे तर पन्नास चौरस मीटरमधून शंभर मुलांची रोजची भाजी निघणार नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस खिचडीत मूठभर पाला पडतो. बागेने कुपोषण संपेल असे कुणी देणगीदारांना सांगत असेल तर ते वाढवून सांगणे आहे. आमच्या भागात सिकलसेलचा आजार आहे. हिरव्या भाजीने तोही बरा होत नाही, त्या मुलांना दवाखाना आणि गोळ्या लागतातच. बाग टिकते ती दुसऱ्या कारणाने: जे मूल पाणी घालते त्याच्याच ताटात ते पान येते. एवढ्या एका धाग्यावर ती वर्षानुवर्षे चालते. साहेब येणार म्हणून केलेली बाग साहेब गेले की वाळते.

आता कचऱ्याकडे येते. इथे तोच धागा सापडत नाही, आणि म्हणून हे काम अवघड आहे.

शाळेच्या आवाराबाहेर मुलांना घेऊन कचरा वेचायला निघालो की अर्ध्या तासात गोण्या भरतात. मग वडाखाली तो कचरा ओतून वेगळा करायचा. कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, लोखंड, काच: एवढ्याला कबाडीवाला पैसे देतो, म्हणून ते फारसे सापडतही नाही. सर्वांत मोठा ढीग असतो पन्नीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचा आणि पुड्यांचा. शांपूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची वेष्टने, आणि खर्ऱ्याची पन्नी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेले मिश्रण. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे खर्राही त्या बंदीत आला. पन्नी मात्र प्रत्येक पारावर पडलेली दिसते. मुले ती पन्नी उचलताना एकमेकांकडे बघून हसतात, कारण कुणाच्या बापाची आहे हे त्यांना माहीत असते. स्वच्छतेच्या तासाला तंबाखूचा विषय आपोआप निघतो तो असा. तोंडाच्या कर्करोगावर भाषण देण्यापेक्षा तो ढीग जास्त बोलतो. फक्त शिक्षकांनी कुणाच्या घराचे नाव घेऊ नये, एवढे पथ्य पाळायचे.

या पन्नीला कुणी घेत नाही. शांपूच्या पुडीत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करून वितळवणे परवडत नाही. म्हणून गावोगावी ती जाळली जाते, बहुधा शाळा झाडून झाल्यावर सकाळीच. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली देशभर मनाई केली आहे. पण मनाईपेक्षा कारण सांगावे: मंद आगीत जळणाऱ्या प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू असतात, पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी द्रव्येही तयार होतात, आणि तो धूर प्रार्थनेला रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जातो. जाळली नाही तर गाय खाते. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात पन्नी अडकून राहते, पुढे सरकत नाही; पोट भरल्यासारखे वाटते आणि जनावर खंगत जाते. गाईनेही खाल्ली नाही तर पावसात ओहोळातून वाहत वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे गोसेखुर्द धरणात, मग वर्धेला भेटून प्राणहिता, मग गोदावरी, मग समुद्र. नकाशावर बोट फिरवत हा प्रवास सातवीच्या मुलांनी करावा. पारावर टाकलेली पन्नी बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकते, हे त्यांना आधी खरे वाटत नाही.

मग करायचे काय? आम्ही दोन गोष्टी धरल्या आहेत. एक, पन्नी ओल्या कचऱ्यात मिसळू न देता कोरडी आणि स्वच्छ ठेवायची. वर्गाच्या कोपऱ्यात एक गोणपाट टांगायचे. भरले की ग्रामपंचायतीकडे द्यायचे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यागणिक एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र असावे अशी तरतूद आहे. पन्नी तिथवर पोहोचली तर तिचे तुकडे करून डांबरी रस्त्यात वापरता येतात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही रीत शोधली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तापलेल्या गिट्टीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले की ते वितळून गिट्टीला लेप बसतो, मग डांबर घट्ट धरते. चिखल लागलेली, ओली पन्नी तिथेही चालत नाही. म्हणून शाळेतला खरा धडा एवढाच: पुडी फोडली की झटकायची आणि गोणपाटात टाकायची. केंद्र चालू आहे का, गाडी येते का, हे ग्रामसभेत विचारायला पालकांना तयार करणे हा त्या धड्याचा पुढचा भाग आहे, आणि तो मुलांना वेचायला लावण्यापेक्षा अवघड आहे. रिकाम्या बाटल्यांत पन्नी ठासून त्यांच्या विटा करण्याची टूम सध्या फार चालते. साठवण म्हणून ती ठीक आहे. त्यांच्या भिंती बांधू नयेत असे मला वाटते. ऊन खाऊन बाटली तडकते आणि सारे प्लास्टिक बारीक कण होऊन त्याच आवारात पसरते.

दुसरी गोष्ट म्हणजे पन्नी गावात येऊच न देणे, आणि यात आपल्या मंडळ्यांचा थेट हात आहे. राज्यात २०१८ पासून थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. तरी नाताळच्या भेटीचे डबे चकचकीत वेष्टनात येतात, आतल्या प्रत्येक बिस्किटाला वेगळी पुडी. मुले आनंदाने खातात आणि वेष्टन गोणपाटात येते, जिथून त्याला पुढे वाट नाही. वेष्टनाशिवाय पाठवा. गूळ-शेंगदाणे सुती पिशवीत पाठवा. इथे जेवण असेल तेव्हा पळसाच्या पानांच्या पत्रावळी इथेच करून घेऊ. त्या करणाऱ्या बायांना चार पैसे मिळतील आणि उष्ट्यासकट पत्रावळ खतात जाईल.

तलावांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आमच्या भागातले जुने तलाव गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबाने बांधले गेले. पुढे ते मालगुजारांकडे आले, आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर सरकारकडे. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मालकी बदलली तशी राखणही सुटली. गाळ साचला, काठाने बेशरम वाढले. ही बाहेरून आलेली वनस्पती. गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि ती पाण्यात शिरून तलाव उथळ करते. दरवर्षी स्वच्छता मोहिमेत ती कापली जाते, आणि पावसानंतर पुन्हा तेवढीच फोफावते, कारण कापलेल्या तुकड्यालाही मुळे फुटतात.

अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेसोबत ढिवर समाजाने जे केले ते आमच्या शिक्षकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. त्यांनी बेशरम मुळासकट उपटले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत तलावाच्या मूळच्या पाणवनस्पती लावल्या. ज्या गवताखाली, पानाखाली देशी मासळी अंडी घालते तीच ती. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत लावायची हे म्हाताऱ्या ढिवरांना माहीत होते. त्यातून देशी मासे पुन्हा वाढले, पाखरे आली. हे काम टिकले, कारण साफ करणाऱ्यांच्याच जाळ्यात मासळी येते. एका शनिवारी येऊन जाणाऱ्या आपल्या तरुणांना त्या तलावातून काही मिळत नाही, आणि तलावालाही त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही. संत गाडगेबाबाही आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. पण गावकऱ्यांच्या हाती खराटा दिल्याशिवाय ते पुढे जात नसत.

तलाव आणि धानाची बांधी यांवर आणखी कुणाचा तरी संसार चालतो. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तोही काही डझनच. तो बांधीत, पाण्यात घरटे करतो. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या रक्षणासाठी स्वतःहून दखल घेतली. गोंदियातल्या सेवा या संस्थेची माणसे शेतकऱ्यांच्या मदतीने दरवर्षी सारस मोजतात, घरट्यांवर लक्ष ठेवतात. बांधीत कीटकनाशक फवारताना घरट्याची बाजू सोडावी, एवढे बापाला सांगणारे मूल तयार झाले तरी शाळेचे काम झाले.

मोहफुलांचेही असेच. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वारा असला तर आग जंगलात शिरते. वणवा कशाने का लागेना, तो विझवणारी माणसे गरिबांच्याच घरची असतात: एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या आगीत तीन हंगामी मजूर गेले. मोहाखाली जाळी बांधली, किंवा पाला नुसता झाडून बाजूला केला, तरी फुले स्वच्छ मिळतात, धुराचा वास लागत नाही. आणि झाडलेला पाला शाळेच्या खताच्या तट्ट्यात लागतोच. मुलांनी एका घराकडून एक गोणी पाला आणायचा, असा नेम करून पाहण्यासारखा आहे.

आता "मग आम्ही द्यायचे काय?" याविषयी. कचराकुंड्या नकोत, कुंडी रिकामी करणारी गाडी नसेल तर ती दुसऱ्या महिन्यात उपडी पडते. रोपेही नकोत, इथल्या रोपवाटिकेत मिळतात. हवे आहे ते असे: बांबूचे कुंपण आणि ते दर दोन वर्षांनी नवे करण्याचा खर्च; मडकी; मुलांच्या हाताला पेलतील अशा लहान कुदळी आणि विळे; गोणपाट; आणि प्रत्येक शाळेमागे मे-जूनचे पन्नास दिवस पाणी घालणाऱ्या एका बाईची मजुरी. ही शेवटची बाब देणगीदारांना सर्वांत कमी आवडते, कारण तिचा फोटो येत नाही. माझ्या मते पहिला रुपया तिच्यावरच पडावा.

तरुण संघाला यायचेच असेल तर जुलैत येऊ नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. पहाटे पाचला पाणी भरायला लागायचे आणि आठच्या आत सावलीला यायचे. दुपारी बी निवडणे, कुंपणाच्या कामट्या सोलणे अशी बसून करायची कामे आहेत. निजायला शाळेचा व्हरांडा मिळेल. वीज रात्री असतेच असे नाही. डोक्याला बांधायला दुपट्टा आणि पाण्याची स्वतःची बाटली आणावी. विकतच्या पाण्याच्या बाटल्या आणू नयेत.